रूपराव भाऊजीची खंजिरी अन् टिकटिक

माणसाच्या छातीतून घड्याळासारखा आवाज येतो असं मले कोणी आधी सांगतलं असतं, तर मी म्हटलं असतं, जा बावा, दुसरं घर पाह्य. पण तो आवाज मी माह्या कानानं ऐकला. तोही परक्या कोणाचा नाई, माह्या सख्ख्या दिराचा.

रूपराव म्हणजे आमच्या घरच्यांचे धाकटे भाऊ, एकाच अंगणात आमच्या दोन चुली. आमच्या मोठ्या आंजी गावात कोणालेही विचारा, रूपरावजी कुठी राह्यतात, तर समोरचा आधी उलटा विचारीन, खंजिरीवाले का? मंगच बोट दाखवीन. वावर हाये, बैलजोडी हाये, कापूस, तूर सारं हाये, पण त्याच्यावरून त्याईले कोणी ओळखत नाई. ओळखतात ते त्या एका लाकडी कड्यावरून, ज्याले एका बाजूनं चामडं ताणलेलं अन् कडेले पितळी चकत्या. भजन मंडळात गाणारे पुष्कळ, पण खंजिरी हे वाजवतीन तवाच भजन चढे.

अन् खंजिरी हाती नसली तरी बोटं काही स्वस्थ बसत नव्हती. जेवाले बसले की ताटाच्या कडेवर. एस.टी.त बसले की पुढच्या सीटच्या दांड्यावर. एकदा तर मयतीच्या घरी सारे माना खाली घालून बसले होते, अन् हे आपले बाजूच्या खांबावर ठेका धरून. मी पदरात तोंड खुपसून हसली, अन् बायाईले वाटलं, मनकर्णाबाई किती रडून राह्यली. मले त्या मयतीत लय इज्जत भेटली.

त्यांची बायको कोकिळा जाम गावची. जामच्या फाट्यावर तिच्या बापाची चहाची टपरी होती. एकदा आमच्या गावचं मंडळ कार्यक्रमावरून परत येऊन राह्यलं होतं, तर त्यांची गाडी फाट्यावर बिघडली. बसल्या बसल्या करतीन काय, टपरीसमोरच बसून भजन लावलं. ट्रकवाले थांबून ऐकाले लागले. कोकिळा तिथी कपबशा विसळत होती. मले तिनं मागून सांगतलं, "बाई, मी याईचं तोंड मंग पाह्यलं. हात आधी पाह्यले." आता हे असं बोलणं नव्या नवरीनं जेठाणीजवळ केलं, मंग जेठाणी चिडवल्याशिवाय राह्यते का? मी तिले वर्षभर 'हातवाली' म्हणत होती.

लहानपणी भाऊजीचे सांधे सुजून लय ताप आलता म्हणतात. तो ताप गेला, पण जाता जाता काळजात काही तरी करून गेला, ते कोणाले कळलं नाई. त्र्याऐंशीच्या सुमारास दम लागाले लागला. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून राह्यत. भजनात दोन अभंगांच्या मधात खंजिरी मांडीवर ठेवून तोंडानं श्वास घेत. मी म्हटलं, बिड्या सोडा. त्याईनं सोडल्या. दम काही सुटला नाई. मंग वर्ध्याच्या डाक्टरनं मुंबईले धाडलं, अन् चौऱ्याऐंशी साली तिथी त्यांची छाती उघडून, काळजातली खराब झडप काढून, तिथी धातूची झडप बसवून देल्ली.

झडप म्हणजे दारच समजा. रक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, त्या मधातलं दार. काळजाले खोल्या असतात अन् खोल्याईले दारं असतात, हे मले तवा पह्यल्यांदा कळलं. आमच्या घरच्यांनी मुंबईहून आल्यावर सांगतलं, तर मी तासभर त्यांच्या मागं लागली. दार आत उघडते का बाहेर? कडी लागते का? शेवटी ते वैतागले. म्हणे, "माह्या छातीत नाई ना बसवलं, त्याले विचार."

म्हून भाऊजी घरी आल्याबरोबर मी त्याईले विचारलं. तर ते म्हणे, "वहिनी, इथी या, कान द्या."

कान द्यायचीही गरज नव्हती. दुपारची वेळ, पंखा बंद, लाईन गेलेली. टिक, टिक, टिक. भिंतीवरच्या घड्याळासारखं नाई, त्याहून बारीक, जसं कोणी डबीत बोरीची आठोळी ठेवून हलवून राह्यलं. अन् भाऊजीनं तोंड उघडलं की आवाज मोठा होये. मी म्हटलं, "भाऊजी, तोंड मिटा, वाजून राह्यलं." ते हसले. तवा हसले, हे ध्यानात ठेवा.

आपल्या इकडे दवाखान्यातून कोणी आलं की सारं गाव पाह्याले येते. कोणी दूध आणते, कोणी पपई आणते, अन् पाच मिनिटं बसून पेशंटले दमवून जाते. इथी तर दुधासोबत ऐकाचीही सोय झाली. बाया आल्या की दोन विचारपुशीच्या गोष्टी करत अन् मंग हळूच, "ऐकू येते म्हणे?" भाऊजी सदऱ्याचं वरचं बटन काढत. पोरं दारात रांग लावून उभी. मंडळाचे गायक तानबाजी आले, त्याईनं तर डोळे मिटून कान लावला अन् मान डोलावली. म्हणे, "रूपराव, लय मस्त हाये. मध्यम लयीत चालून राह्यली." जराशानं परत म्हणे, "आता उलिशी, जराशी चढली पाह्य."

मले वाटते, तिथीच खटकलं.

कारण त्याच्या आधी भाऊजीले ती टिकटिक म्हणजे एक गंमत होती. तानबाजीनं तिले लय म्हटलं, अन् लय म्हटलं की हा माणूस जेवण सोडून तिच्या मागं जाये. दिवसभर ऐकत बसत. चढली की घाबरत. घाबरले की आखीन चढे. कधी बाहेर भांडंकुंडं वाजलं अन् आवाज झाकला गेला, तर हाक मारत, "कोकिळा, थांबली का वं?" ती बिचारी कणकेच्या हातानं धावत ये, छातीवर हात ठेवून म्हणे, "चालू हाये, चालू हाये." तिचं वावर बंद झालं, नदीवर धुणं बंद झालं, जामले मायकडे जाणं बंद झालं. हातभर अंतरावर बसून राह्याची. भाऊजीच्या सदऱ्यावर कणकेचे पंजे उमटलेले.

एकदा मी म्हटलं, "भाऊजी, थांबली असती तर विचारलं कोण असतं?"

माही ही असली चेष्टा त्याईले आवडे. पण त्या दिवशी ते हसले नाई. डोळ्यातून घळघळ पाणी काढाले लागले. मी सुपातले तांदूळ निवडणं सोडून उठली. या माणसाले मी त्याच्या मायच्या मयतीत सोडून कधी रडताना पाह्यलं नव्हतं, अन् आता चिडवल्यावर रडून राह्यला.

खंजिरी त्यांच्या खोलीत खुंटीले टांगलेली होती. मुंबईले जाताना टांगली, ती तशीच. मंडळानं दोनदा बोलावणं धाडलं. पह्यल्यांदा म्हणे पाठ दुखते. दुसऱ्यांदा म्हणे, या टिकटिकीच्या अन् भजनाच्या लयीच्या मधात मी सापडलो तर? कोणाले काही समजलं नाई. कोकिळाले समजलं. ती मले विहिरीवर म्हणे, "बाई, डाक्टरनं मले माणूस परत देल्ला खरा, पण तो अजून घरी आला नाई. ती खंजिरी ज्या दिवशी खुंटीवरून उतरन, त्या दिवशी मी समजीन आला म्हून."

तिच्या तोंडून हे निघालं, तवापासून माह्याही डोळ्याले त्या खोलीत दुसरं काही दिसेना. गेली की आधी खुंटीकडे पाह्यची.

रक्त पातळ राह्याची गोळी त्याईले रोज होती, अन् त्याच्यासाठी रक्त तपासाले दर महिन्याले वर्ध्याले जा लागे. तिथल्या डाक्टरनं सारं पाह्यलं. म्हणे, "झडप उत्तम चालून राह्यली. काळीज बरं हाये. काळजी करणारा बरा नाई, त्याले वेळ लागते." लय पेशंटले असं होते म्हणे, मोठ्या ऑपरेशनानंतर. रडू येते, झोप उडते, राग येते. मले हे ऐकून बरं वाटलं, मतलब माह्या चेष्टेनं नव्हतं झालं.

तिथी वार्डात धुरपताबाई सिस्टर होती. ती आमच्याच आंजीची, बौद्ध मोहल्ल्यातली. नोकरी वर्ध्याले, पण रविवारी गावाले येत असे. तिनं भाऊजीले बाकावर बसलेलं पाह्यलं. डोळे छतावर, ओठ हलून राह्यले, ठोके मोजून राह्यले. ती म्हणे, "रूपरावजी, रविवारी विहारात येजा. आमी दहाबारा जण बसतो. श्वास पाह्याले शिकवते."

भाऊजी म्हणे, "श्वास पाह्यचा? तो दिसते का?"

"येऊन तर पाह्यजा."

तिनं डाक्टरलेही विचारलं. डाक्टर म्हणे, बसू द्या, पण गोळी सोडाची नाई.

आता अडचण अशी की भाऊजी एकटे जायले तयार नाई. रस्त्यात थांबली तर? कोकिळाले पोरं, स्वयंपाक. मंग मी म्हटलं मी जाते सोबत. खरं सांगते, सोबतीची मले एवढी हौस नव्हती. मले पाह्याचं होतं का श्वास पाह्यते म्हणजे ही बाई करते तरी काय. धुरपताबाई नाशिककडच्या एका शिबिरात दहा दिवस मौन धरून बसून आलती म्हणत. दहा दिवस एक शब्द नाई. मले ते ऐकूनच घाम फुटलता.

विहार म्हणजे टिनाचा एक हॉल. समोर बुद्धाची मूर्ती, बाजूले बाबासाहेबांचा फोटो, खाली दऱ्या. एका गावात इतली वर्षं काढली, पण तिकडे कधी पाय वळला नव्हता. भिंतीले निळा रंग, उदबत्तीचा वास, अन् सारे असे चूप की भाऊजीची टिकटिक पार दारापासून ऐकू आली. एका आजीनं मागं वळून पाह्यलं, परत डोळे मिटले. बस. कोणी कान लावाले आलं नाई. गावातली ती पह्यली जागा.

धुरपताबाई म्हणे, "आरामात बसा. डोळे मिटा. नाकातून हवा आत येते, बाहेर जाते. जिथी लागते, नाकाच्या खाली, वरच्या ओठाजवळ, तिथी ध्यान ठेवा. लंबा करू नका, छोटा करू नका. तो येऊनच राह्यला, तुमी फक्त पाह्या. मन भटकलं की त्याले रागवू नका, परत आणून बसवा."

मी डोळे मिटले. पह्यल्यांदा मले नाकाखाली खाज सुटली. मंग आठवलं, बरणीचं झाकण लावलं का? मंग बरणीवरून लोणचं, लोणच्यावरून माही नणंद, नणंदेवरून सत्तर सालची एक साडी. परत आणून बसवलं. परत गेलं. माह्या मनाले भटकाले जेवढ्या गल्ल्या ठाऊक होत्या, तेवढ्या माह्या पायाले नव्हत्या. शेवटी मी उलिसा एक डोळा उघडला. आता कोणी म्हणीन ही बाई चोर, पण मले बाकीचे कसे बसले हे पाह्याचं होतं.

बाहेर आल्यावर धुरपताबाईच्या घरी चहा झाला. घरी आल्यावर कोकिळा विचारते, "तिथी चहा घेतला?" मी म्हटलं, "दोन कप. तुह्या चहापेक्षा साखर बरी होती." विषय तिथीच मिटला. गावातही दोघातिघींनी विचारलं, "भजनी माणूस विहारात काऊन?" मी म्हटलं, "तुमचं काळीज बिघडलं की तुमीही पाह्यजा कुठी कुठी जा लागते ते."

चार-सहा रविवार गेले. भाऊजी नेमानं बसत, घरीही सकाळी बसत. पण बरं वाटायचं सोडून आखीन ओढल्यासारखे दिसत. मी एका डोळ्यानं पाह्यत राह्यची. कपाळाले घाम. अन् शाल मांडीवर पांघरलेली, तिच्या आतून काही तरी हलून राह्यलं. मले वाटलं, माशी बसली असन.

मंग तो रविवार आला. बसून अर्धा तास झाला असन, भाऊजीचा श्वास मोठ्यानं ऐकू याले लागला, फास, फास, अन् टिकटिक त्याच्यासोबत पळाली. डोळे उघडून म्हणे, "वहिनी, बोटाईत मुंग्या येऊन राह्यल्या," अन् आडवे झाले. धुरपताबाईनं नाडी धरली, पाय उचलून ठेवले, हळू हळू श्वास सोडाले लावला. गडी बरा झाला, पण ती म्हणे, आपण डाक्टरले दाखवूनच येऊ. गेले. डाक्टर म्हणे, झडपेले काही नाई झालं, हा माणूस घाईघाईनं श्वास घेऊन राह्यला, म्हून चक्कर.

कोकिळा मात्र ऐकाले तयार नव्हती. म्हणे, "आता तिथी नाई जायचं. मुंबईवाल्यानं जोडलेलं हे लोक बसून बसून तोडतीन." गावात बी तेच. विहारात नेऊन रूपरावले पाडलं. धुरपताबाईले हे ऐकू जाणारच होतं. कोकिळानं माह्याकडेही अशी पाह्यलं का जणू मीच त्याईले धक्का देल्ला.

मले रात्री झोप येई ना का त्या शालीत काय हलत होतं. चूल पेटवताना सकाळी एकदम उमगलं. भाऊजीचा अंगठा. शालीच्या आत गुडघ्यावर अंगठा अन् बोटं चालत होती. ठेका. हा माणूस ध्यानात बसून भजन वाजवत होता.

पुढच्या रविवारी धुरपताबाई स्वतःच आमच्या घरी आली. कोकिळानं पाणी देल्लं, पण बसा म्हटलं नाई. मीच पाट सरकवला. मी म्हटलं, "सिस्टर, मले काही सांगायचं हाये, पण तुमी मले रागवाल. मी डोळे उघडे ठेवत होती."

"एक का दोन्ही?"

"एक."

"मले माहीत हाये," ती म्हणे. "मीही एक उघडा ठेवते, कोणाले काही झालं तर पाह्याले. तुमी काय पाह्यलं ते सांगा."

मी अंगठ्याचं सांगतलं. भाऊजीची मान खाली गेली, जसं पोराले गूळ खाताना धरलं. धुरपताबाई म्हणे, "रूपरावजी, करून दाखवा, काय करत होते ते."

भाऊजीनं गुडघ्यावर हात ठेवला. टिकटिकीले ठेका धरला, इतल्या टिकांवर श्वास आत, इतल्या टिकांवर बाहेर. मधात तिहाई सुद्धा, म्हणजे एकच तुकडा तीनदा. म्हणे, "तुमी म्हटलं श्वास पाह्य. आता पाह्यचं म्हणजे नुसतं पाह्यचं कसं? धरला पाह्यजे, नाई तर बेताल होईन. तानबाजीही म्हणे, लय सोडू नको."

धुरपताबाई तोंडावर हात ठेवून हसाले लागली. कोकिळा चिडली. म्हणे, "हसून काय राह्यल्या?"

"नाई बाई, याईच्यावर नाई हसत. मी इतल्या लोकाईले बसवलं, कोणाले झोप आली, कोणी घोरलं, तुमच्या मनकर्णाबाईनं तर एका डोळ्यानं पंचायत मांडली. पण कोणी श्वासाले ताल लावला नव्हता." मंग ती भाऊजीकडे वळली. "घाबरलं की ठोका पळते. ठोक्यामागं तुमचा श्वास पळते. श्वास पळाला की ठोका आखीन पळते. आता तुमीच सांगा, याईले थांबवीन कोण?"

"पण लय तर धरावीच लागते ना, सिस्टर."

"वाजवणाऱ्यानं धरावी. ऐकणाऱ्याले कायची लय? रूपरावजी, तुमी आयुष्यात कधी भजन ऐकलं?"

"घ्या. रोज."

"वाजवलं. मी विचारते, ऐकलं कधी? खाली बसून, हात रिकामे ठेवून?"

भाऊजी आपल्या दोन्ही तळव्याईकडे पाह्याले लागले. मले माहीत होतं उत्तर. पोरगं असल्यापासून हा माणूस कोणत्याही भजनात बसला तो वाजवाले बसला.

"गुरुवारच्या भजनाले जा," ती म्हणे. "दोन्ही हात मांडीखाली दाबून बसा. अन् ऐका. तुमची टिकटिक ऐकू आली तर तीही ऐका. मधात हात घालू नका." मंग कोकिळाले म्हणे, "तुमाले पटत नसन तर नका धाडू विहारात. भजनाले तर धाडाल ना?"

भजनाले नाई म्हणायचं कोकिळाजवळ तोंड नव्हतं. तिनं मंग चहा ठेवला. साखर यावेळी दाबून टाकली, हे मी पाह्यलं.

गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर भजन होतं. भाऊजी खाली, पोराबायात, माह्या बाजूले बसले. हात मांडीखाली. तानबाजीनं वरून हात केला, या म्हून. भाऊजीनं मान हलवली. भजन चालू झालं. पह्यल्या भजनात त्यांचे खांदे उडून राह्यले, मले हसू आवरेना. दुसऱ्यात खांदे बसले. तिसऱ्यात मी पाह्यलं तर डोळे मिटलेले, तोंड उलिसं उघडं, अन् त्या तोंडातून टिकटिक येऊन राह्यली, भजनाच्या लयीशी काही घेणंदेणं नसल्यासारखी. गडी मात्र शांत. एकदा मान वाकडी केली, जसं काही नवीनच ऐकलं.

घरी येता येता मी विचारलं, "काय ऐकलं मंग?"

त्याईनं आधी मागं वळून पाह्यलं, कोणी हाये का. मंग म्हणे, "वहिनी, कोणाले सांगू नका."

"नाई सांगत."

"तानबाजी बेसूर हाये."

मी रस्त्यातच बसली. इतली वर्षं या माणसानं तानबाजीच्या बाजूले बसून वाजवलं अन् सूर एकदाही ऐकला नाई. आता मी ते कोणाले सांगतलं नाई म्हणते, पण खरं म्हणजे सांगतलं. साऱ्या गावाले आधीच माहीत होतं.

त्याच्यानंतर ते परत विहारात जाऊ लागले. कोकिळानंच धाडलं. मीही गेली, कारण आता मले सवय लागली होती. शाल मात्र धुरपताबाईनं काढून घेतली. म्हणे, हात दिसले पाह्यजे.

काय बदललं ते एकदम सांगता येत नाई. रडू येणं गेलं नाई, कमी झालं. राग याचा तो यायचाच. एक दिवस आमच्या अंगणात शेंगा फोडता फोडता ते मले म्हणे, "वहिनी, एक गंमत सापडली. मी समजत होतो का भीती छातीत असते, त्या झडपेजवळ. नाई असत. ती इथी असते." गळ्याच्या खाली बोट ठेवलं. "आधी इथी आवळते, मंग पोटात थंड पडते, मंग हात गार होतात. मी पाह्यत बसलो तर ती तिथून निघूनही जाते. मी तिच्या मागं धावलो का मंग मुक्काम करते."

"अन् टिकटिक?"

"ती कुठी जाईन? आपली चालली हाये. रस्त्यानं बैलगाडी जाते तशी."

मले हे लय नवल वाटलं. मी घरात जाऊन माह्या रागाची जागा शोधाले लागली. आमच्या घरच्यांनी चहा थंड झाला म्हून कुरकुर केली, अन् मी तिथल्या तिथी उभी राहून डोळे मिटले. माहा राग कानाच्या मागं असते. खोटं नाई सांगत, दोन्ही कान तापतात. ते म्हणे, "काय झालं तुले?" मी म्हटलं, "थांबा, पाहून राह्यली." चहा त्याईनं स्वतःच गरम केला.

पण खंजिरी खुंटीवरच होती. कोकिळा विचारत नव्हती. मी नजरेनं विचारे, ती नजरेनं नाई म्हणे.

मंग कापूस वेचून झाल्यावर, थंडीत, जामहून निरोप आला का कोकिळाच्या मायले बरं नाई, येऊन जा. कोकिळा भाऊजीकडे पाह्याले लागली. ऑपरेशन झाल्यापासून ती एक दिवस त्याईले सोडून कुठी गेलती नाई. भाऊजी म्हणे, "जा. सकाळच्या गाडीनं जा, संध्याकाळी येजो."

"अन् तुमी?"

"मी हावो ना."

ती गेली. जाताना मले चार वेळा म्हणे, लक्ष ठेवजा. मी म्हटलं, जा वं हातवाले, मी एक डोळा उघडा ठेवते.

दुपारी मी चुलीवर भाकरी टाकून राह्यली होती. मागून आवाज आला, "वहिनी, चूल रिकामी होते का?" वळून पाह्यलं तर भाऊजी, अन् हाती खंजिरी.

बोलली असती तर बिघडवलं असतं, एवढं तर मलेही कळते. भाकरी खाली उतरवली अन् बाजूले सरकली. ते चुलीपुढं उकिडवे बसले. इतले दिवस टांगून चामडं ढिलं पडलं होतं. ते निखाऱ्यावर दुरूनच फिरवाले लागले. जरा शेकलं की बोटानं टिचकी मारून ऐकत, परत शेकत. चामड्याचा तो कडक वास साऱ्या घरात. मंग एकदा टिचकी मारली अन् ती अशी खणखणीत निघाली का बाहेर गोठ्यात बैलानं कान हलवला.

वाजवाले बसले. हळू. रक्त पातळ असल्यानं हाताले लवकर निळं येते, म्हून डाक्टरनं जोरात मारू नका म्हटलं होतं. हळूच वाजवलं, बोटाच्या टोकानं. मी काम सोडून जवळ सरकली, कान देल्ला. खंजिरीच्या मधात जिथी जागा सुटे, तिथी आतून टिक ऐकू ये. कधी ठेक्याच्या आधी, कधी मागून. जुळतच नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊजी, ते जुळून नाई राह्यलं."

"नाई जुळत."

"मंग?"

"मंग काही नाई, वहिनी. ती आपली जाते, मी आपला जातो." अन् हसले. त्या पह्यल्या दिवसासारखे.

संध्याकाळच्या गाडीनं कोकिळा आली. एस.टी.च्या थांब्यावरून घरापर्यंत पायी याचं म्हटलं तर आमच्या अंगणावरूनच रस्ता. ती दुरूनच थांबली. खंजिरी ऐकली. मले वाटलं आता रडन, नाई तर धावत येईन. तिनं तसं काहीच केलं नाई. सरळ आपल्या खोलीत गेली. मी मागं मागं गेली, मले राह्यवलं नाई. खुंटी रिकामी होती. कोकिळानं खांद्यावरची पिशवी काढली, जामहून आणलेली, वर मायनं देल्लेल्या शेवया डोकावून राह्यल्या होत्या, अन् ती पिशवी त्या खुंटीले टांगून देल्ली.

मले म्हणे, "बाई, आता ही माही जागा. खंजिरीले म्हणा कुठी बी पड."

अन् खरंच, तवापासून ती खंजिरी घरात कुठीही पडलेली असते. कधी खाटेवर, कधी पाट्यावरवंट्याजवळ, एकदा तर पिठाच्या डब्यावर झाकण म्हून. भाऊजी गुरुवारी सारं घर शोधतात, कोकिळावर ओरडतात, ती म्हणते मले काय माहीत. मंग मंडळात जाऊन बसतात. तानबाजी गातात तवा मी खालून भाऊजीकडे पाह्यते, अन् ते मुद्दाम माह्याकडे पाह्यत नाई.